दरसालचा राक्षस

“सर, मला काळं लावायची गरज न्हाई. मी असाच चालतोय.”

डिसेंबर २०२४चा पहिला आठवडा, गॅदरिंगची तालीम. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, सातवीपर्यंतची. यंदा पोरांनी सुपरहिरोंचा नाच बसवायचा हट्ट धरला होता. गावातल्या टेलरनं उरल्यासुरल्या कापडातून लाल-निळे झगे शिवून द्यायचं कबूल केलं होतं. सहा हिरो लागणार होते आणि एक व्हिलन. हिरोंसाठी मी मुलांना रांगेत उभं केलं, नाच बघितला, उंची बघितली, दोनदा विचार करून नावं पक्की केली. व्हिलनसाठी विचार करावाच लागला नाही. सहावीतल्या एका मुलाकडं बोट केलं आणि सोबतच्या शिक्षकांना म्हणालो, याच्या तोंडाला थोडं काळं लावून घेऊ. तेव्हा तो वरचं वाक्य बोलला. हसत बोलला. वर्ग हसला. मीही हसलो.

माझं ते हसणं मला रात्री झोपू देईना, म्हणून हे प्रकरण लिहून ठेवतो आहे. मुलाचं नाव देत नाही. वर्गानं त्याला ठेवलेलं नाव रंगावरूनच होतं, तेही इथं परत परत लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कॉम्प्युटरवरचे जुने फोटो उघडले. पहिलीत, करोनाच्या आधीच्या गॅदरिंगला, तो यमदूत होता. मधली दोन वर्षं कार्यक्रम झालाच नाही. चौथीत रामायणातला राक्षस. पाचवीत दरोडेखोर. दर वेळी पात्रं निवडणारे शिक्षक वेगळे होते, कुणी कुणाला काही सांगितलेलं नव्हतं, तरी प्रत्येकाच्या डोळ्यांनी तेच ठरवलं. चौथ्या वेळी ते माझ्या डोळ्यांनी ठरवलं. त्याच फोटोंत आणखी एक गोष्ट दिसली, तिनं मला जास्त लागलं. चौथीतल्या त्याच कार्यक्रमात कृष्णाचं काम वर्गातल्या सगळ्यात गोऱ्या मुलाला दिलं होतं आणि त्याच्या अंगाला निळा रंग फासला होता. सावळ्या देवासाठी सावळं लेकरू शोधायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

घर

त्याचे आई-वडील ऊसतोडीला जातात. आमच्याकडं नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, दसरा-दिवाळीनंतर टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. मागं राहिलेल्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह चालतं, दोन वेळचं जेवण तिथं आणि झोपायला आजी-आजोबांकडं. हा आजीपाशी राहतो.

वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी मला एका बाजूला घेऊन सांगितलं, “सर, ती गोरं व्हायची क्रीम असती ना, पुडीतली, ती हा लावायलाय. जेवायच्या आधी नळावर तोंड धुतो आन् लावतो.” दहा रुपयांची पुडी. आईनं फोनवर सांगून दुकानदाराकडं खाऊसाठी ठेवलेल्या पैशांतून तो ती घ्यायचा. एका मोठ्या कंपनीनं २०२०मध्ये आपल्या क्रीमच्या नावातून ‘गोरं’ या अर्थाचा इंग्रजी शब्द काढून टाकला. आमच्या गावातल्या किराणा दुकानात पुडी अजून ‘गोरं व्हायची’ म्हणूनच मागतात.

मी त्याच्या घरी गेलो. आजीनं बाजेवर वाकळ टाकून बसवलं, चहा ठेवला. गॅदरिंगबद्दल तिची काहीच तक्रार नव्हती, “कामं देता लेकराला, लई झालं.” मग थोड्या वेळानं तिनंच विचारलं, “गुरुजी, ह्याच्या आईनं पोटुशी असताना उनात ऊस तोडला म्हणून ह्यो असा झाला, म्हणत्यात बाया. खरं हाय का ते?”

मी म्हणालो, “नाही आजी. कातडीत मेलॅनिन म्हणून एक द्रव्य असतं, ते आई-बापाकडून येतं. उन्हाचा तडाखा बसणाऱ्या मुलखात ते जास्त असलं तर चांगलंच, ते राखण करतं. आईच्या ऊस तोडण्याचा पोटातल्या लेकराच्या रंगाशी काही संबंध नाही.” तिनं मान हलवली. “आपला इठोबा बी काळाच की,” म्हणाली. मग थोरल्या नातीकडं बघून, “ही जरा उजळ हाय, हिचं भागंल.” दोन्ही वाक्यं एका श्वासात आली. विठ्ठलाचा रंग देवळात राहतो, लग्नाच्या बाजारात येत नाही. तिला दोष देत नाही, कारण मुलाला व्हिलन करताना माझ्याही घरात विठ्ठलाची तसबीर होतीच.

एक गोष्ट इथंच स्पष्ट लिहितो, कारण तिच्याशिवाय हे प्रकरण अर्धं राहील. अमेरिकेतला वंश आणि आपल्याकडची जात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक जातीत गोरे आहेत, काळे आहेत. पण वर्गात जेव्हा रंगावरून हाक मारली जाते तेव्हा त्या हाकेत पुष्कळदा दुसरंही काही असतं: तुझे आई-बाप उन्हात राबतात, तुझं घर गावाच्या कुठल्या टोकाला आहे. जे उघड बोलायची आता सोय राहिली नाही ते रंगाच्या आडून बोललं जातं. मुलांना हे शब्दांत सांगता येत नाही, पण कुठली हाक कुणाला मारायची हे त्यांना नेमकं ठाऊक असतं.

‘स्किन कलर’

पहिला उपाय मी शिक्षकी पद्धतीनं केला. मेलॅनिनवर तास घेतला. मुलांनी व्याख्या पाठ केली आणि मधल्या सुट्टीत तीच हाक परत ऐकू आली.

दुसऱ्या तासाला कागद वाटले आणि सांगितलं, तुमच्या मनातला हिरो काढा आणि रंगवा. मुलं खडूच्या पेटीतला फिकट गुलाबी खडू एकमेकांकडं मागायला लागली. त्या खडूला ती ‘स्किन कलर’ म्हणतात. “स्किन कलर दे की रं,” असं म्हणणाऱ्या एकाही हाताचा रंग त्या खडूचा नव्हता. एक चित्र सोडून सगळे हिरो गुलाबी झाले. ते एक चित्र एका मुलीचं होतं. तिनं चेहरा रंगवलाच नव्हता, कोरा ठेवला होता. आमच्या मुलानं आपला हिरो सगळ्यात काळजीनं गुलाबी केला होता, रेषेबाहेर कुठं खडू गेला नव्हता.

डी.एड.ला असताना आम्हाला केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ जोडप्याचा प्रयोग शिकवला होता. १९४०च्या दशकात त्यांनी अमेरिकेतल्या लहान कृष्णवर्णीय मुलांपुढं रंग सोडता बाकी सारख्या बाहुल्या ठेवल्या, चांगली कुठली, वाईट कुठली, असं विचारलं. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली चांगली ठरवली. १९५४मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या आणि गोऱ्या मुलांसाठी वेगळ्या सरकारी शाळा ठेवणं घटनाबाह्य ठरवलं, त्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. परीक्षेत मी यावर पूर्ण गुण मिळवले होते. त्या दिवशी तो प्रयोग माझ्या वर्गात, माझ्या डोळ्यांसमोर झाला.

सिनेमा कुठला दाखवायचा

मुलांची भाषा सुपरहिरोंची होती, म्हणून त्याच वाटेनं जायचं ठरवलं. निवड करताना बराच वेळ गेला, आणि त्या वेळात माझ्याही काही गोष्टी लक्षात आल्या.

आम्ही लहानपणी १९९७पासून दूरदर्शनवर शक्तिमान बघितला, पुढं २००६मध्ये ‘क्रिश’ आला. दोघं आपलेच, पण दोघं गोरे. हॉलिवूडमध्येही १९९८चा ‘ब्लेड’ हा कृष्णवर्णीय नायकाचा चित्रपट होता, पण तो रक्तपिपासूंचा, मुलांना दाखवण्यासारखा नाही. नंतरच्या मोठ्या चित्रपटांत कृष्णवर्णीय माणूस बहुधा नायकाचा मित्र असायचा: आयर्न मॅनजवळ रोड्स, कॅप्टन अमेरिकेजवळ सॅम विल्सन. चांगला, शूर, विश्वासू आणि एक पाऊल मागं. वर्गात अशी मुलं मला पाठ आहेत, कप्तानाची बॅट सांभाळणारी. सॅम विल्सनला कॅप्टन अमेरिकेची ढाल मिळाली आणि त्याच्या नावानं मोठ्या पडद्यावर चित्रपट आला, तोवर २०२५ साल उजाडलं.

‘स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ जून २०२३मध्ये भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्याचा नायक माइल्स मोरालेस, वडील कृष्णवर्णीय आणि आई प्युएर्टो रिकोची. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा आपल्याकडचा स्पायडर-मॅनही आहे, मुंबईसारख्या काल्पनिक शहरातला. त्यातला एक तुकडा मी तालमीनंतर मुलांना दाखवला. मुलं खूश झाली, पण एक पोरगा म्हणाला, “ह्यो आपला हाय, पर पुण्या-मुंबईकडचा आपला हाय.” मला ते पटलं. रंगाच्या जोडीला गाव आणि हातातलं कामही ओळखीचं लागतं. मल्याळममधल्या ‘मिन्नल मुरली’चा नायक खेड्यातला शिंपी आहे. आमच्या टेलरला हे सांगितलं तेव्हा त्यानं झग्यांची शिलाई निम्मी केली.

शेवटी ‘ब्लॅक पँथर’ ठरवला. फेब्रुवारी २०१८चा, रायन कूगलर दिग्दर्शित. जगभरात १३० कोटी डॉलरहून जास्त कमाई झाली. काळ्या नायकाचा सिनेमा जगात चालत नाही, हे कारण त्यानंतर कुणाला देता आलं नाही. सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळालेला तो पहिला सुपरहिरोपट. तीन ऑस्कर मिळाले, त्यांतली दोन रूथ कार्टर आणि हॅना बीचलर या कृष्णवर्णीय स्त्रियांना, वेशभूषा आणि कलादिग्दर्शनासाठी. त्या दोन विभागांत असा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्याच. मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटलं की तिथं एकच काळा माणूस चांगला दाखवून भागवलेलं नाही. राजा काळा, सेनापती बाई काळी, शास्त्रज्ञ मुलगी काळी, चोर काळा, फितूर काळा, म्हातारा पुजारी काळा. बहुतेक माणसं त्या रंगाची असली की रंगावरून चांगला-वाईट ओळखता येत नाही, माणूस बघावा लागतो. मारामारीचे काही भाग पुढं ढकलून, हिंदीतून, दोन शनिवारी आम्ही तो शाळेच्या टीव्हीवर बघितला.

मुलांनी काय बघितलं, ते मला अपेक्षित नव्हतं. सीमेवरचे योद्धे खांद्यावरची ब्लँकेटं पुढं धरून त्यांची ढाल करतात, तेव्हा वर्ग ओरडला, “सर, हे घोंगडी घेऊन लढायलेत!” ती ब्लँकेटं लेसोथो देशातल्या बासोथो लोकांच्या ब्लँकेटांसारखी आहेत, हे मी सांगितलं. लेसोथो नकाशात सापडला. सिनेमातला देश, वकांडा, सापडेना. “सर, नकाशात न्हाई.” काल्पनिक आहे म्हटल्यावर मुलं जरा नाराज झाली. मग इथिओपियावर बोट ठेवून सांगितलं की १८९६मध्ये अडवा इथं या देशानं इटलीच्या फौजेचा पराभव केला होता. तेव्हा एकानं वहीत इथिओपियाभोवती गोल काढला. तो गोल पुढं उपयोगी पडला.

सोळा वर्षांची शुरी प्रयोगशाळेत आपल्या राजा भावाची थट्टा करते, त्याला तिनं बनवलेली यंत्रं समजावते, तेव्हा मुली पुढं सरकून बसल्या. चेहरा कोरा ठेवणाऱ्या मुलीनं विचारलं, “तिचं लग्न ठरवत न्हाईत का?” मी म्हणालो, सिनेमाभर कुणी तो विषयच काढत नाही. तिनं परत पडद्याकडं बघितलं.

मागं राहिलेलं पोर

मला वाटलं होतं की आमचा मुलगा राजावर, टचालावर, खूश होईल. चॅडविक बोसमन या नटाबद्दल मी आधीच सांगितलं होतं: आजारी असताना कुणाला न सांगता तो काम करत राहिला, २०२०मध्ये वयाच्या ४३व्या वर्षी कर्करोगानं गेला. मुलं हळहळली. हा गप्पच होता.

सिनेमा संपल्यावर तो माझ्यापाशी आला आणि टचालाबद्दल बोललाच नाही. किलमाँगरबद्दल बोलला. “सर, त्याला मागं ठेवून गेले ना?”

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी: खलनायक एरिक, म्हणजेच किलमाँगर, हा राजाचाच चुलतभाऊ. आधीच्या राजानं त्याच्या बापाला मारलं आणि गुपित राहावं म्हणून त्या लहान पोराला अमेरिकेतल्या ओकलंड शहरात तसंच सोडून निघून गेले. ते पोर मोठं होऊन सूड घ्यायला येतं.

“त्याला नेलं असतं तर तो व्हिलन झाला नसता,” तो म्हणाला. “त्याला कुणी विचारलंच न्हाई.”

नोव्हेंबर ते मार्च ज्याचे आई-बाप उसाच्या फडावर असतात त्या मुलानं पडद्यावरून स्वतःसाठी हे उचललं. काळा राजा त्याला आवडला असेलही, पण ओळख पटली ती मागं राहिलेल्या लेकराशी. आदर्श म्हणून आपण मुलांपुढं राजा ठेवतो. मूल स्वतःला कुठं शोधतं, ते आपल्या हातात नसतं.

मी त्याला विचारलं, “मग टचालानं काय केलं?” तो विचार करून म्हणाला, “बापाला म्हणला, तुमचं चुकलं.” हेच. टचाला स्वप्नलोकात आपल्या मेलेल्या वडिलांसमोर उभा राहतो आणि त्या पोराला सोडून देणं चूक होतं, असं तोंडावर सांगतो. शेवटी ओकलंडमधल्या त्याच इमारतीत मुलांसाठी केंद्र काढतो. त्याच्याजवळचा चिलखती सूट, त्याची ताकद, हे सगळं मला त्यापुढं किरकोळ वाटलं. आपल्या माणसांची चूक कबूल करून ती निस्तरायला उभा राहतो, तो आदर्श.

ते ऐकल्यावर मला गप्प राहणं शक्य नव्हतं. सोमवारी परिपाठानंतर मी सगळ्या मुलांपुढं सांगितलं की या मुलाला चार वेळा आम्ही शिक्षकांनी रंग बघून काम दिलं, यंदा मी दिलं, ते चुकलं. सुपरहिरोंच्या नाचातली पात्रं नव्यानं ठरतील आणि यापुढं कुणाच्या तोंडाला काळा, गोरा, निळा कुठलाही रंग फासला जाणार नाही. मुलं अवघडली. तो खाली बघत होता. आपल्याला मध्ये उभं करून माफी मागणं हेही त्याला नकोसं झालं असणार. एकट्यापाशी आधी बोलायला हवं होतं, ही माझी दुसरी चूक.

या काळात गावातले एक आजोबा पारावर भेटले. मुलांच्या तोंडून सिनेमाचं नाव त्यांच्या कानावर गेलं होतं. “पँथरचा सिनेमा दावला म्हणं शाळेत? आमच्याबद्दल हाय का त्यात?” मराठवाड्यात पँथर हा शब्द सिनेमाच्या कितीतरी आधी आला आहे. १९७२मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले या तरुणांनी दलित पँथर उभी केली, ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीच्या प्रेरणेनं. ती पार्टी ऑक्टोबर १९६६मध्ये ओकलंडमध्ये स्थापन झाली, सिनेमा जिथं सुरू होतो त्याच शहरात. कॉमिकमधलं पात्र त्याच्या काही महिने आधी, जुलै १९६६मध्ये, आलं होतं. दोघांची नावं जुळली हा योगायोग, पण आमच्याकडं पोचलेला धागा त्या पार्टीचा. आजोबा नामांतराच्या लढ्यातले. जुलै १९७८मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, ते त्यांनी बघितलं, सोसलं. १४ जानेवारी १९९४ला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तेव्हा ते गेटवर होते. मी त्यांना शाळेत बोलावलं. ते आले, मुलांपुढं पाच मिनिटं बोलले आणि म्हणाले, “आमच्यातल्या कुणाला उडता येत न्हवतं.”

खुलताबादला थांबलेली गाडी

जानेवारीत सहल होती. एसटीची गाडी, नेहमीचा मार्ग: देवगिरीचा किल्ला, वेरूळची लेणी, खुलताबादचा भद्रा मारुती. दरसाल आमची गाडी खुलताबादेतून जाते आणि मलिक अंबरच्या कबरीपाशी कधी थांबत नाही. यंदा थांबवली.

वहीत इथिओपियाभोवती गोल काढणाऱ्या मुलाला ती वही आणायला सांगितली होती. कबरीच्या दगडी घुमटाजवळ बसून मी सांगितलं. सोळाव्या शतकाच्या मध्यावर त्या गोलात एक मूल जन्मलं. लहानपणीच गुलाम म्हणून विकलं गेलं, अरबस्तान, बगदाद असं हातोहात फिरत दख्खनमध्ये आलं. निजामशाहीच्या पेशव्यानं, चंगीजखानानं, त्याला विकत घेतलं. धनी मेल्यावर तो मोकळा झाला, त्यानं स्वतःचे घोडेस्वार जमवले. १६००मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला तेव्हा सगळं संपल्यात जमा होतं. यानं निजामशाहीच्या घराण्यातला वारस गादीवर बसवला आणि पंचवीस-सव्वीस वर्षं राज्य राखलं. गनिमी काव्यानं लढला. १६१०मध्ये खडकी वसवली, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीनं शहरात आणलं. १६२४च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं लढले. १६२६मध्ये तो वारला आणि इथं आहे.

तो सत्तेसाठी लढणारा, डावपेच खेळणारा माणूस होता, त्यानं रक्तही सांडलं, हेही सांगितलं. मुलांना देव द्यायचा नव्हता.

मग मोबाइलवर एक चित्र दाखवलं. जहांगीर बादशहाच्या दरबारातल्या अबुल हसननं १६१६च्या सुमारास काढलेलं, आता डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. बादशहा पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर खोचलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतो आहे. असं कधी घडलंच नाही. मुघलांनी काही लढाया जिंकल्या, खडकी लुटली, पण अंबर जिवंत असेपर्यंत ते त्याला पकडू शकले नाहीत. आपल्या आठवणींत जहांगीर त्याचा उल्लेख त्याच्या काळ्या तोंडावरून शिवी दिल्यासारखा करतो.

आमचा मुलगा चित्र बराच वेळ, बोटांनी मोठं करून बघत होता. “सर, म्हंजे बादशा बी चिडवायचा?”

“हो.”

“मारता आला न्हाई म्हणून चित्र काढलं.”

इतिहासाचा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्यानंही याहून नेमकं काय लिहावं? सिनेमानं त्याचं तोंड उघडलं होतं हे खरं. पण परतीच्या वाटेवर तो वकांडाबद्दल बोलत नव्हता. नहरीत उतरता येतं का, अंबरला मराठी येत होती का, त्याला आई परत भेटली का, हे विचारत होता. कल्पनेतला देश मुलाला पंख देतो, हे मी मानतो. पाय टेकायला मात्र गाडी थांबेल एवढ्या अंतरावरची जागा लागते, आणि मराठवाड्यात ती आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात दीड हजार वर्षांपूर्वी कुणा चित्रकारानं पद्मपाणीजवळ सावळी राजकन्या रंगवली आहे, सगळ्या दागिन्यांनिशी. पुढची सहल तिकडं न्यायची आहे, मुख्यतः मुलींसाठी.

गॅदरिंग

सुपरहिरोंचा नाच झालाच, सहाचे अकरा हिरो झाले, व्हिलन काढून टाकला. त्याशिवाय मुलांनी एक छोटं नाटुकलं लिहिलं: जहांगीर आणि चित्र. बादशहा चित्रावर बाण मारत राहतो आणि प्रत्येक बाणानंतर चित्र बोलतं.

कामं वाटायची पद्धत बदलली. ज्याला जे हवं त्यासाठी हात वर करायचा, दोघे असले तर चिठ्ठी. मला खात्री होती की तो मलिक अंबरसाठी हात वर करील. त्यानं जहांगीरसाठी केला. मी न राहवून विचारलं, “अंबर नको?”

“धनुष्य बादशाकडं हाय.”

माझं मन परत त्याच खोड्यात अडकलं होतं. पूर्वी काळा म्हणून राक्षस, आता काळा म्हणून मलिक अंबर. त्याला कुठलंही काम हवं असू शकतं, हे माझ्या लक्षात यायला त्यालाच सांगावं लागलं. अंबरची चिठ्ठी पाचवीतल्या एका मुलीला निघाली, उजळ, घाऱ्या डोळ्यांची. पुठ्ठ्याच्या चौकटीत ती उभी राहिली. तोंडाला कुणाच्याच काही लावलं नाही. बादशहानं पहिला बाण मारला, चित्र म्हणालं, “मी इथं न्हाई, खडकीला पाणी आणायला गेलोय.” दुसरा बाण: “मी इथं न्हाई, भातवडीला गेलोय.” पारावरचे आजोबा पहिल्या रांगेत होते, त्यांनी तोंडात बोटं घालून शिट्टी मारली.

मागच्या बाजूनं कुणी तरी म्हणालं, “काळा जहांगीर कुठं असतो व्हय?” ते स्टेजपर्यंत ऐकू आलं. त्यानं बाण थांबवला, तिकडं बघितलं, आणि पुढचा संवाद जरा जास्त मोठ्यानं म्हटला.

पुढं काय झालं तेही लिहितो. हाक पूर्ण बंद झालेली नाही. दोन-तीन मुलं आता त्याला ‘वकांडा’ म्हणतात, आणि ते कधी लाडानं असतं, कधी नसतं. मी टोकतो तेव्हा ती म्हणतात, “सर, चांगलंच नाव हाय की.” पुडीचं काय, हे मी त्याला विचारलेलं नाही. स्वयंपाकाच्या बाई म्हणतात की नळावर तो अजून तोंड धुतो, पण लगेच जेवायला बसतो. चेहरा कोरा ठेवणारी मुलगी सातवी करून गेली. तिच्या घरी माध्यमिक शाळेत घालायचं की नाही यावरच बोलणी अडली होती. मुख्याध्यापक आणि मी दोनदा जाऊन आलो, ती आता तालुक्याला एसटीनं जाते. खडूच्या पेटीत मात्र तो गुलाबी खडू अजून सगळ्यात आधी झिजतो. आम्ही वर्गात ठरवलं आहे की त्याला ‘फिका गुलाबी’ म्हणायचं, आणि मुलं विसरली की एकमेकांना आठवण करून देतात.

गॅदरिंगचा व्हिडिओ मी त्याच्या आईच्या मोबाइलवर पाठवला होता. फडावर रेंज नसते, तिनं तो दोन दिवसांनी कारखान्याजवळ ट्रॅक्टर रिकामा होईपर्यंत बघितला. रात्री कोपीवरून, म्हणजे फडावरच्या झोपडीवरून, तिचा फोन आजीच्या फोनवर आला तेव्हा मी तिथंच होतो, वसतिगृहाची यादी घेऊन. आजीनं फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

“राक्षस न्हवतास का रं ह्या साली?”

“न्हाई. बादशा होतो.”

“मंग जितलास का?”

“हारलो. पर बाण लई मारले.”